मापाबाहेरचा माल

काल सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी, भर बागेत, सहावा महिना चालू असलेल्या मला एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी शिट्टी मारली.

तोंडाने नाही. पितळी शिट्टी होती, मळकट पांढऱ्या दोरीने गळ्यात अडकवलेली. आवाज असा की गुलमोहरावरचे कावळे उडाले, बाकावरच्या काकूंचं गुडघ्यांवरचं चर्चासत्र थांबलं आणि माझ्या पोटातल्या रहिवाशाने आतून एक सणसणीत लाथ हाणली. रस्त्यात कोणी शिट्टी मारली तर खाली मान घालून चालू लागायचं, असं आईने शाळेत असतानाच शिकवलं होतं. मी खाली मान घातली. पोट दिसलं. पाय हल्ली दिसत नाहीत, त्यामुळे चालू लागण्याचा भाग जरा अंदाजानेच केला.

मी तिथे हौसेने जात नाही, हे आधीच सांगते. चौथा ते सहावा महिना म्हणजे गरोदरपणातला सुखाचा काळ, असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. उलट्या थांबतात, भूक लागते, चेहऱ्यावर तेज येतं. उलट्या थांबल्या, मान्य. तेज मात्र पत्ता चुकून बहुधा वरच्या मजल्यावर गेलं, कारण तिथली बाई हल्ली फार छान दिसते. माझ्याकडे आला तो थकवा. संध्याकाळी गाडीतून उतरले की कल्याणचा पूल दोन टप्प्यांत चढते, मध्ये एका खांबाला टेकते. तो खांब आता ओळखतो मला. कंबर धरते, रात्री पोटरीत गोळे येतात आणि शिंक आली की जांघेत अशी चमक निघते, की शिंकेआधी भिंत शोधावी लागते. डॉक्टर म्हणाल्या, सगळं नॉर्मल आहे. अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं म्हणे, हृदयाला जादा पाळी. शिवाय रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक सांधे सैल करत असतं. काय नाव आहे, रिलॅक्सिन! आमच्या अख्ख्या घरात रिलॅक्स झालेलं काही असेल तर ते माझ्या कमरेचे सांधे. आणि नवरा.

पडून राहाल तर कंबर आणखी धरेल, चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. आठवड्याला १५० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नवऱ्याने तिथल्या तिथे १५० ला ५ ने भागलं, ३० आले, घरी येऊन तो आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला आणि आपल्या वाटचा व्यायाम संपवला. मी विचारलं, किती जोरात चालू? तर, "चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये." मला बसल्या जागीही गाता येत नाही, म्हणजे अर्धी परीक्षा मी न चालताच पास. उरलेल्या अर्ध्या परीक्षेसाठी बागेत स्वतःशी बोलत चालते. काकूंना वाटतं, पोरगी गर्भसंस्काराचे श्लोक म्हणते. मी वाण्याची यादी म्हणत असते. हे मूल तूरडाळीचा भाव पाठ करूनच बाहेर येणार.

चालणं त्यातल्या त्यात चारचौघांत करण्यासारखं. घरातले व्यायाम विचारू नका. एक आहे फुलपाखरू: तळपाय जुळवून बसायचं आणि गुडघे पंखांसारखे हलवायचे. मी ते करायला बसले की फुलपाखरू सोडून बाकी सगळे प्राणी आठवतात. दुसरं मार्जारासन. गुडघे आणि तळहात जमिनीवर, पाठ हळूच वर, मग हळूच सपाट. कमरेला खरंच बरं वाटतं, नाही असं नाही. पण परवा मी हॉलमध्ये अशी चार पायांवर असताना कामाच्या मावशी आल्या.

"काय पडलं, ताई?"

मला उत्तर द्यायला श्वास गोळा करावा लागतो. तोवर मावशींनी पदर खोचला आणि त्याही गुडघ्यांवर येऊन सोफ्याखाली हात घालून चाचपू लागल्या. "कानातलं का?" आम्ही दोघी अशा चार पायांवर समोरासमोर असतानाच सासूबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. क्षणभर पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या वेळी ह्याला लादी पुसणं म्हणायचे. फडकं हातात असतं तर दोन्ही झालं असतं." सोफ्याखाली मावशींना दहाचं एक नाणं सापडलं आणि माझी लोहाची एक गोळी, जी मी घेतली असं डॉक्टरांना सांगून झालं होतं. ती गोळी चहाबरोबर चालत नाही, कॅल्शियमबरोबर चालत नाही, तिची वेळ वेगळी सांभाळावी लागते. घरात सुनेने राहावं आणि गोळीने जावयाचा मान घ्यावा, असा प्रकार.

बरं, ह्याच सासूबाई मला पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत. सांगलीहून आई फोनवर म्हणते, फार चालू नकोस गं. नणंद म्हणते, फार बसू नकोस. एकंदर मी मधल्या मध्ये तरंगत राहावं, अशी कुटुंबाची इच्छा दिसते.

असो. शिट्टी.

आमच्या बागेतला ट्रॅक दीड माणूस रुंद आहे. डावीकडच्या लाद्या उचकटलेल्या. उजवीकडे पाइप गळतो म्हणून शेवाळ. माझा तोल सध्या माझ्या एकटीच्या हातात नाही, म्हणून मी मधून चालते. आणि मधून चालताना, खोटं कशाला बोलू, बरीच जागा घेते.

"मॅडम, फास्ट लाइन मोकळी करा!"

मी मागे वळले. वळणं हा हल्ली तीन हप्त्यांचा कार्यक्रम आहे. वळून पूर्ण झाले तेव्हा समोर पांढरे कॅनव्हासचे बूट, कडक इस्त्रीची हाफ पँट आणि छातीवर ती शिट्टी.

"काय?"

"डावी स्लो, उजवी फास्ट. तुम्ही दोन्ही लाइनी अडवल्यात. मागे बंचिंग झालंय."

मी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. लांबवर एक कुत्रा होता, पण तो बसलेला होता.

"काका, तिकडच्या लाद्या हलतात. पाय मुरगळेल. म्हणून मधून चालते."

"मग कॉशन ऑर्डर कुठाय?"

"काय कुठाय?"

"लाइन खराब असली की ड्रायव्हरला लेखी देतात, इथपासून तिथपर्यंत स्पीड एवढाच ठेवा. त्याला कॉशन ऑर्डर म्हणतात. छत्तीस वर्षं गार्ड होतो मी. आधी मालगाड्या, मग लोकल. असं मनाला येईल तशी कोणी गाडी चालवत नाही."

"काका, मी गाडी नाहीये."

तेव्हा कुठे त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं. ह्या ठिकाणी कोणीही माणूस ओशाळतो. अरेरे, लक्षात नाही आलं, असं काहीतरी पुटपुटतो. मी माफ करण्याच्या तयारीत उभीही राहिले होते. काकांनी डोळे बारीक केले, मान एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे. शिंपी दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाचं माप टेपशिवाय घेतो तशी. मग समाधानाने म्हणाले,

"ओडीसी."

"म्हणजे?"

"ओव्हर डायमेन्शनल कन्साइनमेंट. वॅगनच्या मापाबाहेर गेलेला माल. मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, मशिनरी असते. त्याला आधी परवानगी काढावी लागते. स्पीडचं बंधन. कुठल्या पुलाखालून जाईल, कुठल्या प्लॅटफॉर्मला घासेल, सगळं बघून सोडतात. काही काही तर फक्त दिवसाउजेडी."

म्हणजे पाच मिनिटांत ह्या माणसाने मला शिट्टी मारली होती आणि वर माल म्हटलं होतं. दुसरा कोणी असता तर एव्हाना चौकीत बसला असता. पण काकांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ तांत्रिक आनंद होता, की तक्रार नेमकी कोणत्या कलमाखाली करायची तेच मला सुचेना.

"तुम्ही मला माल म्हणालात?"

"कन्साइनमेंट," त्यांनी दुरुस्ती केली. "जोखमीची. एकदा असला डबा घेऊन इगतपुरीला गेलो होतो. पोचेपर्यंत घोटभर पाणी प्यायलो नव्हतो."

एवढं बोलून ते फास्ट लाइनीने निघून जातील, असं मला वाटलं. पण असल्या मालाबरोबर माणूस द्यावा लागतो म्हणे. त्यांनी वेग कमी केला आणि माझ्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालू लागले. मी थांबले की थांबत. मी निघाले की निघत. काकूंच्या बाकासमोरून आमची अशी वरात गेली, तेव्हा मला घरी परत जाऊन उशीत तोंड खुपसावंसं वाटत होतं. फ्रिजवरच्या आकड्यातली फक्त अकरा मिनिटं झाली होती.

पाण्याच्या टाकीजवळ थोडा चढ आहे. चढ कसला, पोरं सायकलवर पायडल न मारता उतरतात एवढंच. पण तिथे मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले.

"बँकर कुठाय?" मागून आवाज.

"आता हा कोण?"

"कसाऱ्याच्या घाटात चढ सदतीसाला एक. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही. मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. खंडाळ्याच्या घाटाला कर्जतहून लावतात, तेच. तुमचे मिस्टर कुठायत?"

"झोपलेत."

"म्हणजे बँकर शेडमध्ये," काकांनी नोंद केली.

हे एक वाक्य मात्र मला आवडलं. कालपासून घरात तीनदा वापरून झालं.

पण आवडलं म्हणून राग गेला असं नाही. उलट एखाद्या माणसाचं एक वाक्य आवडलं की त्याच्यावर चिडायला जरा जास्त हक्क मिळतो. मी म्हटलं, काका, तुम्ही रेल्वेतले ना, मग एक सांगा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसता येतं, हे मला कळलं तेव्हा चौथा महिना लागला होता. मोठ्या आशेने चढले. पोट दिसत नव्हतं. समोरचे एक गृहस्थ, धडधाकट, माझ्या पायांकडे, हातांकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला काय झालंय?" मी सांगितलं. म्हणाले, "रिपोर्ट दाखवा." मी पर्समध्ये सोनोग्राफीची फाइल शोधत उभी, आणि ते खिडकीत बसून वाट बघतायत. मी फाइल काढली, तर ठाणे आलं. स्वतःचा कसला रिपोर्ट त्यांच्याकडे होता, हे विचारायचं मला रात्री अकरा वाजता सुचलं. पोट दिसत नाही तोवर कोणी जागा देत नाही, आणि दिसायला लागलं की जागा सोडून बाकी सगळं देतात.

हे मी चालता चालता, एका दमात, हातवारे करत बोलले. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डब्याच्या आतलं आमच्याकडे नसतं. आमचं दरवाजापर्यंत."

मी ह्यावर काय बोलणार? आणि बोलायला जागाही मिळाली नाही, कारण माझी तक्रार ऐकून त्यांना त्यांची आठवली. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. काका २०१३ साली निवृत्त झाले. "छत्तीस वर्षं गार्ड. लोकांना वाटायचं, बँकेबाहेर बंदूक घेऊन बसतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, कुठली बिल्डिंग? अहो, बारा डब्यांची अख्खी गाडी माझ्या दोन बेलवर हलायची! मी टिंग टिंग केल्याशिवाय मोटरमन गाडी काढणार नाही. आणि मी गेल्यावर नऊ वर्षांनी ह्यांना सुचतं, मॅनेजर." पेन्शनच्या कागदावर अजून गार्डच आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा खाली आला होता, म्हणून मी शिट्टीचा विषय तूर्तास काढला नाही.

एवढ्यात आमच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि चढ दोनदा गेला होता, हे मला टाकीकडे पाहिल्यावर कळलं. भांडता येतंय म्हणजे वेग बरोबर, असं डॉक्टरांनी सांगितलं असतं तर मी पहिल्या आठवड्यापासून नवऱ्याला बरोबर घेतलं असतं.

चौथ्या फेरीला काकूंच्या बाकाने आम्हाला अडवलं. गुडघे संपले होते, आता माझं पोट होतं. "टोकदार आहे, मुलगा." "छे, चेहरा बघा किती उतरलाय. मुलगी आईचं रूप घेते." "उजवा पाय आधी टाकते ती, मी बघते ना रोज." सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. १९९४ चा कायदा आहे, डॉक्टर चकार शब्द काढत नाहीत, मशीनला कुलूप असल्यासारखे वागतात. बागेतल्या बाकाला कुठलाच कायदा लागू नाही. मी रोज हसून पुढे जाते. हसते आणि दिवसभर दात आवळून असते, कारण "मुलगी" म्हणताना त्यांच्यातली एक बाई नेहमी जोडून म्हणते, "असू दे, पहिलीच आहे." असू दे म्हणजे काय? कोणी माफी मागितली होती?

"सीलबंद वॅगन आहे," काका मागून म्हणाले. "सील पोचल्यावर तुटतं. मध्येच उघडून बघणाऱ्याला आम्ही आरपीएफच्या ताब्यात देतो."

बाक गप्प झाला. मीही. मला माल म्हणणाऱ्या माणसाचे आभार कसे मानायचे, ह्याचं शिक्षण आईने दिलेलं नव्हतं.

शिवाय तेवढ्यात मला जायचं होतं. जायचं म्हणजे जायचं. सहाव्या महिन्यात ही सूचना आगाऊ येत नाही, थेट हुकूम येतो. बागेत स्वच्छतागृह आहे. रंगीत फरशी आहे, दारावर बाईचं चित्र आहे, उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, पाटीवर अकरा नावं आहेत. आणि कडीला कुलूप आहे. अकरा माणसं उघडायला, एक कुलूप बंद करायला. किल्ली माळ्याकडे आणि माळी आठला येतो. मी दाराला टेकून, पाय जुळवून, वाण्याची यादी उलटी म्हणायला लागले.

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिट्टी ओठांना लावली. तीन लांबलचक. कावळे पुन्हा उडाले. कंपाउंडपलीकडच्या टपरीवरून माळी चहाचा ग्लास घेऊन धावत आला. म्हणजे तो येतो आठला, असतो सहापासून. किल्ली फिरली. आत खताची तीन पोती, दोन फावडी, एक कोरडा नळ. पुढचा तपशील मी देत नाही. एवढंच सांगते, की चाला चाला सगळे म्हणतात, डॉक्टर म्हणतात, संघटना म्हणते, फ्रिज म्हणतो. पण चालणाऱ्या बाईला मध्ये कुठेतरी थांबावं लागेल, हे त्या १५० मिनिटांच्या हिशोबात कोणी धरलेलं नाही. पुरुषांना भिंत पुरते. माझ्या ऑफिसमधल्या दोघी जणी सकाळी घरून निघताना पाणी पीत नाहीत, गरोदर नसतानाही. मला तर दिवसाला तीन लिटर सांगितलंय. कुठे प्यायचं ते सांगितलंय, कुठे सोडायचं ते नाही.

बाहेर आले तेव्हा काका वाटेच्या मध्यावर, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून उभे होते. एक जॉगर त्या बाजूने येत होता. त्याला त्यांनी हाताने पलीकडच्या लाइनीवर वळवलं.

मी बाकावर बसले. तीस मिनिटं होऊन वर चार झाली होती. कमरेचं दुखणं, विचार केल्यावर आठवलं, बऱ्याच वेळात जाणवलं नव्हतं. म्हटलं, आता शांतपणे उठावं, काकांना दोन शब्द बरे बोलावेत आणि शिट्टीचं काय ते एकदा स्पष्ट सांगून टाकावं, की उद्यापासून माझ्यावर वाजवायची नाही. बाक खोल होता. एकदा प्रयत्न केला, नाही जमलं. मग एक हात बाकावर, एक गुडघ्यावर, पुढे झुकून, श्वास सोडत मी निम्मी वर आले, आणि मागून, अगदी हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं, ऐकू आलं:

"टिंग टिंग."

काकू हसल्या. माळी हसला. त्या जॉगरचा आणि माझा काडीचा संबंध नव्हता, तोसुद्धा हसला. मी दोन शब्द न बोलता घरी आले.

चूक माझी एवढीच, की हे सगळं मी जेवताना नवऱ्याला रंगवून सांगितलं. रात्री पावणेतीनला जाग आली, चौथ्यांदा. उताणं झोपायचं नाही, पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो, म्हणून मी डाव्या कुशीवर पाच उशांच्या तटबंदीत झोपते. एक पोटाखाली, एक गुडघ्यांमध्ये, एक पाठीला, बाकीच्या दोन कशासाठी ते आता मलाही आठवत नाही. तटबंदी ढकलली, कुशीवर वळले, कोपरावर जोर दिला, पाय खाली सोडले, आणि अंधारात पलंगाची कड धरून उठायला लागले.

पांघरुणातून आवाज आला, "टिंग टिंग."

पाचपैकी चार उश्या फेकून मारल्या. पाचवी हाताला लागली नाही.